क्रॅटम: बंदी हवी की नियमन?

तुम्ही अमेरिकेत राहत असाल आणि तुमच्या राज्यात क्रॅटमचं विधेयक आलं असेल, तर बाजू घेण्याआधी वाद नेमका कशावर आहे ते बघा. हिरव्या पानांच्या पावडरीला लोक क्रॅटम म्हणतात आणि पेट्रोल पंपावरच्या दुकानात मिळणाऱ्या '७-ओएच' या पानातल्याच एका रसायनाच्या गोळीलाही क्रॅटमच म्हणतात. अर्धा घोळ तिथेच आहे.

क्रॅटम हे आग्नेय आशियातलं झाड, कॉफीच्या कुळातलं. आपल्या जंगलातला कळंब त्याच्याच प्रजातीतला, पण दोघांचे गुण एक समजू नका. दक्षिण थायलंडमधले मजूर पानाची शीर काढून ते चघळतात, म्हणजे उन्हातलं काम रेटता येतं. अमेरिकेत पानं वाळवून, दळून येतात, मुख्यतः इंडोनेशियातून. चव कडूजहर. चमचाभर पावडर जिभेवर टाकून लोक ती रसाच्या घोटाबरोबर उतरवतात.

मॉर्फिन मेंदूत जिथे काम करतं, तिथेच पानातलं मिट्रागायनिन हे रसायन करतं, पण अर्धवट. त्यामुळे हेरॉइन किंवा वेदनाशामक गोळ्या सोडताना होणारी अंगदुखी, तलफ आणि जागरणं पुष्कळांना सोसवतात. क्रॅटमची सवय लागते तीही त्याच कारणाने.

बंदी मागणाऱ्यांच्या हातात ठोस मुद्दे आहेत. एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, क्रॅटमला कोणत्याही उपचारासाठी मान्यता दिलेली नाही. तिचे तेव्हाचे आयुक्त स्कॉट गॉटलिब यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये क्रॅटमशी संबंधित ४४ मृत्यूंची नोंद सांगितली. त्याच वर्षी क्रॅटममधून साल्मोनेला हा जिवाणू पसरून ४१ राज्यांत १९९ जण आजारी पडले. अलाबामा, इंडियाना, विस्कॉन्सिन आणि आर्कान्सा या राज्यांनी बंदी घातली.

बंदीच्या विरोधकांचं म्हणणं मला जास्त पटतं. ऑगस्ट २०१६ मध्ये डीईएने, म्हणजे अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी यंत्रणेने, क्रॅटमला हेरॉइनच्या सर्वात कडक बंदीच्या यादीत टाकायचं जाहीर केलं, तेव्हा व्हाइट हाउसकडे लाखाहून जास्त सह्यांचा अर्ज गेला आणि ऑक्टोबरमध्ये डीईएने तो प्रस्ताव मागे घेतला. सह्या करणाऱ्यांत या पावडरीच्या आधाराने हेरॉइन सोडलेले लोक होते. ती बंद झाली तर गाठ फेंटानिल या हेरॉइनहून जहाल अमली पदार्थाशी पडेल, ही त्यांची भीती. ती मी खरी मानतो. आकडेही नीट वाचायला हवेत. जुलै २०१६ ते डिसेंबर २०१७ मधल्या २७,३३८ अतिसेवनाच्या मृत्यूंचा सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, अभ्यास केला. १५२ जणांच्या शरीरात क्रॅटम सापडलं, ९१ जणांत ते मृत्यूचं एक कारण ठरलं, आणि फक्त ७ जणांत दुसरं काहीच आढळलं नाही. अर्थात क्रॅटमची तपासणी दर वेळी होत नाही, म्हणून हा आकडा कमी पडू शकतो. शिवाय सात म्हणजे सात घरं.

यूटाने २०१९ मध्ये तिसरी वाट काढली: अल्पवयीनांना विक्री नाही, वेष्टनावर घटक छापायचे, भेसळ नाही आणि ७-ओएचच्या प्रमाणावर मर्यादा. हे ७-ओएच पानात नावापुरतंच असतं. गोळीत मात्र ते मुद्दाम वाढवलेलं असतं, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत ते मॉर्फिनपेक्षा प्रभावी ठरलं आहे. जुलै २०२५ मध्ये एफडीएने कडक नियंत्रणाची शिफारस केली ती या वाढवलेल्या ७-ओएचच्या मालावर, पानावर नाही. थायलंडने तर १९४३ पासूनची बंदी २०२१ मध्ये उठवली. तेव्हा पानावर नियम आणि गोळीवर बंदी, या बाजूने मी उभा आहे.

घरातल्या माणसासाठी निवड करायची असेल तर हिशोब वेगळा. तिथे क्रॅटमची तुलना ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन या व्यसन सोडवायच्या औषधांशी होते, आणि या दोन औषधांनी मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालंय. क्रॅटमपाशी तसा पुरावा नाही. पूर्वी ब्युप्रेनॉर्फिन लिहायला डॉक्टरांना खास परवाना लागायचा, ती अट डिसेंबर २०२२ च्या अखेरीस गेली. त्यामुळे आधी नेहमीच्या डॉक्टरांनाच विचारा. चालू औषध बंद करून पावडरीकडे वळू नका. कोणी आधीच पावडर घेत असेल तर त्याला ओरडू नका, नाहीतर तो लपवायला लागेल. दिवसाला किती चमचे होतात ते शांतपणे विचारा. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेतो का, हेही विचारा. उत्तर हो आलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला.