तळमजल्यावरची खोली

अंदमानच्या हॅवलॉक बेटावर, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपावर, होमस्टे शोधताना नकाशाच्या ॲपवर दिसणाऱ्या नंबरवर थेट पैसे पाठवू नका. होमस्टे खरा असतो, फोटो खरे असतात, रिव्ह्यूही खरे असतात. नंबर तेवढा भलत्याचा असतो. यात माझे २८,८०१ रुपये गेले. सविस्तर लिहिते, कारण स्वस्तात देतो असं त्या माणसाने एकदाही म्हटलं नव्हतं. त्याने विकली ती आईची सोय.

एकटी असले की मी पाठीला सॅक लावून जेट्टीवर उतरते, चार ठिकाणी विचारते आणि डॉर्ममध्ये बेड घेते. ॲडव्हान्सचा प्रश्नच येत नाही. या खेपेला संक्रांतीनंतर आई सोलापूरहून पुण्याला माझ्याकडे आली होती. सेल्युलर जेल बघायचं तिच्या मनात फार वर्षांपासून होतं. शाळेत सावरकर शिकवून रिटायर झालेली बाई. "बॅगेची चाकं वाळूत काय फिरणार? मलाही तुझ्यासारखी सॅक घे," असं तिनेच सांगितलं. घेतली. त्यात तिने कडक भाकरी, शेंगाचटणी आणि गुडघ्याचा पट्टा भरला. आता तो पट्टा बघितल्यावर डॉर्म कसलं घेताय! जिना नको, कमोड हवा, बोटीत चढायला त्रास नको. म्हणजे सगळं आधी ठरवणं आलं, आणि आधी ठरवणं आलं की ॲडव्हान्स आला.

नकाशावरच्या त्या नंबरवर फोन उचलणारा माणूस इतका अदबशीर, की विचारू नका. "माताजी की उमर क्या है?" हा त्याचा पहिला प्रश्न. मग तळमजल्यावरची खोली आहे म्हणाला. कमोड आहे, बाथरूममध्ये धरायला दांडा आहे, एकादशीला साबुदाणाही मिळेल, जेट्टीवर व्हीलचेअर पाठवतो. मी जे जे विचारलं त्याला "जी बिल्कुल". तीन रात्रींचे ८,४०० आणि श्री विजयपुरम, म्हणजे जुनं पोर्ट ब्लेअर, तिथून दोघींची खासगी फेरीची, म्हणजे प्रवासी बोटीची, जाऊन-येऊन तिकिटं ६,०००. दर बाजारभावाचेच होते. यूपीआयवर पैसे टाकताना स्क्रीनवर होमस्टेचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं. "हमारे अकाउंटंट का खाता है." १४,४०० गेले.

खरा डाव इथून पुढे. दोन मिनिटांत त्याचा फोन. सिस्टीमला १४,४०१ लागतात, शेवटचा एक रुपया नसल्यामुळे बिल तयार होत नाही. तुम्ही १४,४०१ पुन्हा पाठवा, आधीचे आपोआप परत येतील. तळमजल्यावरची खोली एकच आहे, ती पंधरा मिनिटं धरून ठेवलीय, दुसरे गेस्ट लाइनवर आहेत. हे सगळं घाई न करता, जणू तोच माझ्यासाठी कुणाशी तरी भांडतोय अशा सुरात. मी पाठवले. लगेच होमस्टेची पावती आणि फेरीची तिकिटं आली: लोगो, पीएनआर, सीट नंबर, आईच्या वयासकट. आधीच्या पैशांचं विचारलं तर म्हणाला, रिफंडला बँकेचे सात कामकाजाचे दिवस लागतात. हे वाक्य आपण खऱ्या बँकांकडूनही इतक्यांदा ऐकलेलं असतं, की शंका येत नाही.

चेन्नईमार्गे पोहोचलो. सेल्युलर जेल झाला. पाकळ्यांसारख्या सात लांब इमारतींपैकी उरलेल्या तिन्हींसमोर आई बराच वेळ उभी होती आणि सावरकरांच्या कोठडीपर्यंतचे जिने गुडघ्यांसकट चढली, याची इथे नोंद करते. दुसऱ्या दिवशी सकाळी श्री विजयपुरमच्या हॅडो जेट्टीवर काउंटरच्या मुलाने तिकीट स्कॅन केलं, पुन्हा केलं आणि मान हलवली. हा पीएनआर आमचा नाहीच. त्या नंबरला फोन लावला, स्विच ऑफ. माझा चेहरा उतरला होता. आई म्हणाली, "काल जेलमध्ये जाऊन आले, आता आणखी काय व्हायचंय? दुसरी तिकिटं काढ."

दुपारच्या फेरीची तिकिटं मिळाली. हॅवलॉकला उतरेपर्यंत ऊन कललं होतं. जानेवारीत तिथे साडेपाचलाच अंधारायला लागतं, हे पश्चिमेकडून जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. होमस्टेच्या बंगाली मालकाने पावती बघितली आणि तो आम्हाला अंगणात घेऊन गेला. बांबूच्या झोपड्या, सगळ्या खांबांवर उभ्या केलेल्या, प्रत्येकीला पायऱ्या. तळमजला नावाची गोष्टच तिथे नव्हती! ॲपवरचे फोटो किनाऱ्याचे, पलंगांचे आणि माशाच्या थाळीचे. पायऱ्या कुठे दिसणार? नकाशावरचा नंबर कोणीही 'बदल सुचवा' म्हणून बदलू पाहू शकतं. मालक तो दुरुस्त करतो, काही दिवसांनी नंबर पुन्हा बदललेला असतो. त्याने आम्हाला ओळखीच्या एका घरी खालची खोली मिळवून दिली. कमोड होता, दांडा नव्हता.

आता पैशांचं. १९३० या हेल्पलाइनवर मी जेट्टीवरूनच फोन केला. तिथे व्यवहाराचा यूटीआर (म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक), रक्कम आणि वेळ विचारतात. हे हाताशी नसेल तर वेळ जातो, म्हणून यूपीआय ॲपमधला तो व्यवहार उघडूनच फोन लावा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर चॅट, पावती आणि तिकिटं चढवली. फोन जितका लवकर, तितकी समोरच्या खात्यात काही सापडण्याची शक्यता जास्त. माझ्या बाबतीत मध्ये बरेच दिवस गेले होते. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात गेले होते आणि शेवटच्या खात्यात थोडेच उरले होते. तेवढे गोठवले.

पुण्यात आल्यावर बँकेत गेले. 'तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही' हा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम बऱ्याच जणांनी ऐकलेला असतो, मीही तोच घेऊन गेले होते. तो परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. तुम्ही स्वतः पिन टाकून पैसे पाठवले असतील तर बँक तो लावत नाही, मग समोरचा कितीही भामटा असो.

आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी होमस्टेचा नंबर दोन वेगळ्या ठिकाणी ताडून बघा. फेरीचं तिकीट फेरी कंपनीच्या साइटवरून किंवा सरकारी बोटीचं सरकारी पोर्टलवरूनच काढा, आणि कुणी काढून दिलं असेल तर निघण्याआधी कंपनीला फोन करून पीएनआर विचारा. रक्कम 'दुरुस्त' करायला पुन्हा पैसे मागितले की तिथेच थांबा. कुठल्याही सिस्टीमला जास्तीचा रुपया लागत नाही. आणि व्हिडिओ कॉलवर खोलीच्या दारापासून रस्त्यापर्यंत चालत जायला सांगा. त्या बंगाली मालकाला मी नंतर विचारलं, वयस्कर लोकांसाठी तुम्ही काय सोय करता? तो म्हणाला, "पायऱ्या आहेत, रात्री वीज जाते, तुमच्या आईला इथे आणू नका."

गोठवलेली रक्कम अजून सोडवायचीय. अर्ज दिलाय. आईला आतापर्यंत फक्त पहिल्या १४,४०० चं सांगितलंय.