मुरमाड रानासाठी लहान ट्रॅक्टरमागे काय करून घ्यावं: एकफणी रिपर की पाचफणी कल्टिवेटर?

ट्रॅक्टर 20 ते 28 एचपीचा, वीतभर मातीखाली मुरूम, आणि गावातला वेल्डर दोन्ही अवजारं करून द्यायला तयार. रिपर म्हणजे खालचा घट्ट थर खोल फोडणारा एकच फण; कल्टिवेटर म्हणजे वरची माती मोकळी करणारे स्प्रिंगवाले पाच फण. अशा वेळी बहुतेकांचा कल पाच फणांकडे जातो, कारण एका फेरीत जास्त रान उरकताना दिसतं.

ठरवण्याआधी पहार घ्या. पाच-सहा ठिकाणी वरची माती बाजूला करून जोरात आपटा. टोक चार बोटं रुतलं आणि खपली निघाली, तर तो मुरूम किंवा मांजऱ्या (मऊ खडक); फणाला दाद देतो. पहार खणकन वाजून नुसता पांढरा ओरखडा उठला, तर खाली काळा पाषाण आहे. तिथे दोन्ही अवजारं निकामी. तेवढा पट्टा खडक फोडणाऱ्या ब्रेकरवाल्याला द्या, नाहीतर पडीक सोडा.

घट्ट थरात फण शिरतो तो टोकावर येणाऱ्या वजनाने. कल्टिवेटर दीडशे किलोचं धरलं तरी प्रत्येक फणाच्या वाट्याला 30 किलो येतात. रिपर 50 किलोचाच, पण सगळा भार एका टोकावर. ओढीचंही तसंच आहे. हजार किलोचा ट्रॅक्टर कोरड्या रानात फार तर सहाशे-सातशे किलो ओढतो, पुढे चाकं घसरतात. एचपी कागदावर कितीही असो, ही ओढ पाच ठिकाणी वाटली की मुरमावर फण नुसते ओरखडत जातात आणि स्प्रिंगा ताणलेल्याच राहतात. मोकळ्या मातीत हेच कल्टिवेटर 10-12 सेंमी छान चालतं.

वेळेचा हिशेब मात्र रिपरच्या विरोधात जातो. 30 सेंमी खोलीला तडे टोकापासून तिरपे वर येतात, म्हणून फणाच्या दोन रेघांत 50 सेंमी अंतर ठेवावं लागतं. एकराला साधारण आठ किलोमीटर चाल होते. ताशी अडीच किलोमीटरने सव्वातीन तास, वळणं धरून चारच्या वर. साधारण 1.1 मीटर पट्ट्याचं कल्टिवेटर पाऊण-एक तासात एकर उरकतं. डिझेल जळालेलं दिसतं, फुटलेला थर दिसत नाही, म्हणून रिपर महाग वाटतो.

दगड लागल्यावर दोघांचं वागणं वेगळं. कल्टिवेटरचा फण मागे झुकतो, दगडावरून उडी मारतो आणि परत येतो. ट्रॅक्टर थांबत नाही. रिपरला स्प्रिंग घालण्याच्या भानगडीत पडू नका. इतक्या ओढीला पुरणारी स्प्रिंग गावात मिळत नाही. त्याला शिअर बोल्ट हवा, म्हणजे जोर जास्त झाला की स्वतः तुटून अवजार वाचवणारा बोल्ट, आणि सगळ्या अवजारात नीट विचार करून घ्यायची वस्तू हीच.

रिपरच्या फणाची पट्टी 25×100 मिमी, लांबी 750 मिमी. दोन बाजूंना 12 मिमीच्या प्लेटा. वर 20 मिमीचा मुख्य बोल्ट, टोकापासून 600 मिमी उंचीवर. त्याच्या खाली 100 मिमीवर 12 मिमीचा शिअर बोल्ट. म्हणजे टोकावरचा जोर या बोल्टवर सहापट होऊन येतो. साधा 4.6 ग्रेडचा (मऊ पोलादाचा) बोल्ट कापाच्या रेषेत आटे आले तर टोकावरच्या सुमारे 700 किलोला तुटतो, कोरी दांडी आली तर 900 ला. बोल्ट दर वेळी तुटतो म्हणून वैतागून कुणी त्याहून कडक 8.8 ग्रेडचा टाकतं. मग हेच आकडे दुप्पट होतात आणि बोल्टाऐवजी लोअर लिंक (अवजार उचलणारा ट्रॅक्टरचा खालचा दांडा) वाकते. पैसे वाचवायला 20×75 ची पट्टी घेतली तर ती साडेनऊशेच्या आसपास वाकेल, म्हणजे बोल्टाच्या अगदी मागोमाग. 25×100 दोन टनांपर्यंत तग धरते. प्लेटांची मागची बाजू उघडी ठेवा. बोल्ट तुटल्यावर फणाला मागे झुलायला जागा पाहिजे.

आडवा बीम: 75×40 चे दोन चॅनेल तोंडाला तोंड लावून. खालच्या पिना 22 मिमी, टॉप लिंकची (वरच्या जोडदांड्याची) 19 मिमी. खालच्या पिनांमधलं अंतर कॅटेगरी 1 ला (लहान ट्रॅक्टरच्या जोडणीचं ठरलेलं माप) 683 मिमी आणि अरुंद मिनी ट्रॅक्टरला 400 मिमी असतं, पण स्वतःच्या ट्रॅक्टरवर टेप लावूनच कापा. मास्टपासून (टॉप लिंक जोडायच्या उभ्या खांबापासून) प्लेटांच्या मागच्या कडेपर्यंत दोन तिरपे टेकू द्याच. ते नसले की पहिल्याच आठवड्यात मास्टच्या बुडाशी तडा जातो.

टोकाची रुंदी 50 मिमी, जमिनीशी कोन 20 ते 25 अंश. अरुंद फण रुंदीच्या साधारण सहापट खोलीपर्यंत जमीन उचलून फोडतो. त्याखाली तो मुरूम बाजूला दाबतो आणि नुसती चीर पडते. म्हणून 50 मिमीच्या टोकाला 30 सेंमीच्या खाली रेटू नका. थर फारच चिवट असेल तर आधी 15 सेंमी, मग त्याच रेघेत 30.

टोकाला ट्रकचा स्प्रिंग-पाटा चालतो, पण गार पाट्यावर थेट वेल्डिंग केलं की टाक्याशेजारी बारीक तडा पडतो आणि तुकडा रानातच राहतो. पाटा सुमारे 250 अंशांपर्यंत तापवा, 7018 चे कोरडे रॉड वापरा, नंतर राखेत गाडून हळू गार होऊ द्या. पाणी मारायचं नाही. त्यापेक्षा टोक बुडीत डोक्याच्या दोन बोल्टांनी बसवणं बरं. झिजलं की बदलता येतं.

चालवताना खडूने मागच्या टायरवर खूण करा. अवजार उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत जेवढं अंतर कापलं, ते ओढीखाली 85 टक्क्यांच्या खाली गेलं तर खोली कमी करा. फण जमिनीत असताना वळायचं नाही, आधी उचलायचा. ओल्या मुरमात रिपर घालू नका, भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. पीक निघाल्यापासून वळवाच्या आधीपर्यंतचे कोरडे दिवस याचे.

डाळिंबाच्या 15×10 फुटी लागणीआधी किंवा माळ पहिल्यांदा वहितीला आणताना रिपरच करून घ्या. लागण झालेल्या बागेत मुळं तुटतात आणि ठिबकची सबमेनही. तिथे आणि दर वर्षीच्या मशागतीला कल्टिवेटर. बजेट एकाचंच असेल तर रिपर बनवा, कल्टिवेटर भाड्याने सहज मिळतं. रिपर डोक्याएवढे धोंडेही वर काढतो, तेव्हा वेचणीची मजुरी आणि ट्रॉली आधीच धरून ठेवा. टूलबॉक्समध्ये 4.6 चे दहा बोल्ट आणि तुटलेले तुकडे बाहेर ठोकायला एक पंच असू द्या.