गॉलच्या तटबंदीवर मिळणारी ‘डच नाणी’

श्रीलंकेतील अनुराधपूर, पोलोन्नरुव ही प्राचीन नगरे पाहून सहलीच्या शेवटी गॉलच्या किल्ल्यात मुक्काम करणाऱ्यांनी तिथल्या तटावर जुनी नाणी विकणाऱ्यांपासून सावध राहावे, यासाठी माझा अनुभव तपशिलाने लिहीत आहे.

डचांनी १६४० मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेल्या आणि पुढे भक्कम केलेल्या या किल्ल्यात आजही लोकवस्ती आहे. आत जायला तिकीट नाही, त्यामुळे दीपगृहापासून फ्लॅग रॉक बुरुजापर्यंतच्या तटावर संध्याकाळी कोणीही फिरू शकतो, आणि विक्रेत्यांचेही तेच आवडते ठिकाण आहे. तिथे कोळी असल्याचे सांगणाऱ्या एका वयस्कर माणसाने आम्हाला ओल्या वाळूने भरलेला डबा दाखवला. वाळूत तांब्याची हिरवट नाणी होती. गॉलच्या बंदरात १६५९ मध्ये बुडालेल्या ‘अवोन्डस्टर’ या डच जहाजातून ती वाहून येतात आणि आपल्या जाळ्यात सापडतात, असे त्याने सांगितले. हे जहाज खरोखर तिथे बुडाले होते आणि या सापळ्याची सगळी मदार त्या खरेपणावरच आहे. वेंगुर्ल्याची डच वखार लहानपणापासून पाहिलेली असल्यामुळे मला त्या नाण्यांविषयी जरा जास्तच ओढ वाटली, हेही नमूद करायला हवे.

आम्ही घासाघीस करत असताना नीटनेटक्या कपड्यांतला एक गृहस्थ तिथून जाता जाता थांबला, आपण नाणेसंग्राहक असल्याचे सांगून त्याने आमच्यापेक्षा जास्त किंमत देऊ केली, आणि म्हाताऱ्याने मात्र ‘पाहुण्यांना आधी शब्द दिला आहे’ असे म्हणून त्याला नकार दिला. दोन नाण्यांचे ९,००० श्रीलंकन रुपये आम्ही तिथेच मोजले. दुसऱ्या दिवशी तेच दोघे एका हातगाडीपाशी एकत्र चहा पिताना दिसले.

त्याआधीच सकाळी उलगडा झाला होता. जुन्या दरवाजालगतच्या डच गोदामात सागरी पुरातत्त्व संग्रहालय आहे आणि तिथे ‘अवोन्डस्टर’वरील वस्तू मांडल्या आहेत. त्या पाहताना मी खिशातली नाणी काढली. एका बाजूला एकमेकांत गुंफलेली व्ही, ओ आणि सी ही डच ईस्ट इंडिया कंपनीची अक्षरे होती आणि त्यांच्याखाली १७३२ हे साल. १६५९ मध्ये बुडालेल्या जहाजात १७३२ चे नाणे असणार कसे? या चिन्हाची दुईत नावाची तांब्याची लहान डच नाणी मुळात १७२६ पासून पाडली जाऊ लागली. शिवाय दोन्ही नाण्यांच्या दुसऱ्या बाजूवरील सिंहाच्या पायाखाली अगदी एकसारखा खळगा होता, म्हणजे ती एकाच साच्यात ओतलेली होती. कडेवर सांध्याची बारीक रेघ होती आणि हिरवा थर लिंबाच्या फोडीने घासताच निघून आला. खरी दुईत नाणी अमाप पाडली गेल्यामुळे आजही बाजारात स्वस्त मिळतात, तेव्हा दिलेली किंमत अस्सल नाण्यांसाठीही जास्तच ठरली असती.

यातला मोठा धोका वेगळाच आहे. नाणी खरोखर बुडालेल्या जहाजातली असती, तर पुरातत्त्व खात्याच्या परवान्याशिवाय ती देशाबाहेर नेणे हा गुन्हा ठरला असता आणि विमानतळावर आम्हालाच जाब द्यावा लागला असता. बहुतेक लोक तक्रार करत नाहीत ते याच भीतीने, आणि विक्रेत्यांना ते ठाऊक असते. आम्ही पर्यटक पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. पैसे परत मिळाले नाहीत.

याच सहलीतली दुसरी फसवणूक रकमेने लहान होती, पण ती खास भारतीयांच्या वाट्याला येणारी आहे. पोलोन्नरुवमध्ये तीनचाकीच्या चालकाने ‘उन्हात रांगेत कशाला उभे राहता’ म्हणून तिकिटे स्वतः आणून दिली आणि परदेशी पर्यटकांच्या पूर्ण दराने पैसे घेतले. सार्क देशांच्या नागरिकांना या प्राचीन नगरांच्या तिकिटात पासपोर्ट दाखवल्यावर मोठी सवलत मिळते. आमच्या हातातली तिकिटे सवलतीचीच होती, हे गल विहार या खडकात कोरलेल्या बुद्धमूर्तींच्या स्थळाच्या प्रवेशापाशी तिकीट तपासणाऱ्याने दाखवून दिले. वरचा फरक चालकाच्या खिशात गेला होता. पोलोन्नरुवची तिकिटे तलावाजवळच्या संग्रहालयाच्या खिडकीवर मिळतात. तिथे पासपोर्ट घेऊन स्वतः जावे आणि तिकिटावर छापलेला दर वाचूनच पैसे द्यावेत.