कोकणात रो-हाऊस बुक करताय? आमच्या दादाचे ११ लाख असे अडकले

दापोली तालुक्यात समुद्रापासून जवळच माझ्या दादाने रो-हाऊस बुक केलं होतं. मुंबईतली नोकरी संपत आलेली, पुढे गावाकडे राहायचं, एवढीच इच्छा. किंमत ठरली २८ लाख. त्यातले ११ लाख बिल्डरने वर्षभरात उचलले आणि हातात दिला ५०० रुपयांच्या स्टँपपेपरवर नोटरी केलेला साठेकरार, म्हणजे पुढे विक्री करू असं कबूल करणारा कागद. आज तिथे चिऱ्याचं जोतं आहे आणि त्यावर रान माजलंय. तोच माणूस आता दुसऱ्या नावाने शेजारच्या गावात बुकिंग घेतोय, म्हणून हे लिहिते आहे.

सातबारा मागितला तेव्हा त्याने झेरॉक्स दिली होती. पहिल्या पानावर एकच नाव दिसत होतं. दुसरं पान दिलंच नव्हतं आणि उजवीकडचा ‘कुळ, खंड व इतर अधिकार’ हा रकाना झेरॉक्समध्ये आला नव्हता. मशीनवर कागद तिरका बसला असेल असंच कुणालाही वाटावं, इतक्या सफाईने ती कड कापलेली होती. काम बंद पडल्यावर दादाने १५ रुपये भरून डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाइन काढला. त्यावर सामाईकात अकरा नावं निघाली! काही मयत, त्यांच्या वारसांची नोंद नाही. इतर अधिकारात दिवाणी दावा चालू असल्याची नोंदही होती.

आपल्याकडे जमिनी पिढ्यान्‌पिढ्या वाटप न होता पडून असतात, निम्मे हिस्सेदार मुंबईला. या बिल्डरने हिस्सेदारांपैकी एका चुलतभावाकडून कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) घेतलं आणि सगळी जागा आपलीच असल्यासारखे प्लॉट पाडले. सहहिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा विकू शकतो, पण वाटप झाल्याशिवाय ‘हा रस्त्याकडचा तुकडा माझा’ म्हणून विकू शकत नाही. बाकीच्यांनी कोर्टातून मनाई हुकूम आणला आणि काम थांबलं. त्यांचा मला अजिबात राग नाही. त्यांचीही फसवणूकच झाली.

परवानगी विचारली की तो ग्रामपंचायतीचा ना-हरकत दाखला पुढे करायचा. गावठाणाबाहेर तेवढ्यावर बांधकाम होत नाही. जागा बिनशेती हवी, नकाशा मंजूर हवा, आणि किनाऱ्यालगत असेल तर सीआरझेडही (किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंध) बघावं लागतं.

आणि सगळ्यांत मोठी थाप म्हणजे, “आठच घरं आहेत, आपल्याला रेरा लागत नाही.” २०१६ च्या रेरा कायद्यात, म्हणजे बिल्डरांच्या प्रकल्पांवर नियंत्रण ठेवणाऱ्या कायद्यात, जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणीची सक्ती नाही हे खरं. पण ती आठ सगळे टप्पे धरून. याने त्याच गटात ‘फेज टू’ म्हणून आणखी आठ घरं विकली होती. शिवाय नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला कलम १३ ची मनाई आहे. म्हणजे २८ लाखांवर २ लाख ८० हजार. त्याने घेतले ११ लाख, तेही दादाच्या प्रॉव्हिडंट फंडातले. दुय्यम निबंधकाकडे चला म्हटलं की “स्टँप ड्युटी उगाच आत्ता कशाला भरताय, साहेब? ताबा देताना करू” हे उत्तर ठरलेलं.

प्रकल्पाची नोंदणी नसली तरी महारेराकडे, म्हणजे या कायद्याखालच्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, तक्रार करता येते. आम्ही केली. पैसे व्याजासह परत देण्याचा आदेश झाला. त्याने भरले नाहीत, म्हणून वसुली वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी ही वसुली होते. पण आता तहसील कार्यालय म्हणतं, त्याच्या नावावर जप्त करण्यासारखं काही सापडत नाही. नवीन योजनेचा बोर्डही त्याच्या बायकोच्या नावाने लागलाय.

त्या सोळा घरांतल्या काहींनी ‘तो देतो म्हणालाय’ म्हणून अजून तक्रारच केलेली नाही. त्यांना हात जोडून विनंती, पावत्या, बँकेचे उतारे आणि त्याचे व्हॉट्सॲपवरचे निरोप जपून ठेवा आणि याच महिन्यात तक्रार दाखल करा.