जुन्या लॅपटॉपवर मिंट टाकावं की उबंटू?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरच्या मशीनसाठी ज्यांनी वाढीव सुरक्षा अपडेट घेतले, त्यांनाही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच मुदत आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमारास घेतलेले लॅपटॉप त्यातून बाद होतात. मुंबईत असे लॅपटॉप घरोघरी आहेत आणि त्यातले कितीतरी अजून धडधाकट आहेत. ते भंगारात जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं. विंडोजच्या जागी लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकायचं ठरलं की गाडी बहुतेक तिच्या दोन प्रकारांवर येऊन थांबते, लिनक्स मिंट आणि उबंटू.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ज्यांचं पोट टॅलीवर आहे, ज्यांना डिजिटल स्वाक्षरीचा टोकन लावून रोज रिटर्न किंवा टेंडर भरायची असतात, किंवा जे श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लग्नपत्रिका जुळवतात, त्यांनी कामाचं मशीन विंडोजवरच ठेवावं. खटपट करून यातलं काही काही लिनक्सवर चालवता येतं, पण गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना ती खटपट परवडत नाही. बाकीच्यांनी, म्हणजे ज्यांचं काम ब्राउझर, मेल, नेटबँकिंग, पत्रं, एक्सेलचे तक्ते आणि सिनेमे यांत उरकतं, त्यांनी पुढे वाचावं.

दोन्हींचा पाया एकच आहे. मिंट २२ हे उबंटू २४.०४ वरच उभं आहे आणि दोन्हींना २०२९ पर्यंत अपडेट मिळतात. वायफाय एकावर चालत असेल तर दुसऱ्यावरही बहुधा चालतं. उबंटू घेणार असाल तर नावापुढे एलटीएस, म्हणजे दीर्घ मुदतीचा सपोर्ट, लिहिलेलीच आवृत्ती घ्या. मधल्या आवृत्त्यांचा सपोर्ट नऊ महिन्यांत संपतो आणि घरच्या माणसांना वर्षातून दोनदा नवी सिस्टिम शिकवायला कुणाला वेळ आहे?

समोर दिसणाऱ्या पडद्यात मात्र मोठा फरक आहे. मिंटच्या सिनॅमन या डेस्कटॉपमध्ये खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ. विंडोज ७ वापरलेला माणूस न विचारता कामाला लागतो. उबंटूचा गनोम हा डेस्कटॉप वेगळा आहे. डावीकडे आयकॉनची उभी पट्टी, वर एक बारीक पट्टी, आणि विंडो शोधायच्या असतील तर सुपर की, म्हणजे विंडोजची खूण असलेली की, दाबून सगळा पसारा एका नजरेत बघायचा. तरुण मुलं त्याला लगेच सरावतात आणि मग त्यांना तेच आवडतं. वडील रिटायर्ड असतील आणि लॅपटॉपवर सोसायटीचा हिशेब ठेवत असतील, तर त्यांना मिंट द्या. पट्टी कुठे गेली, म्हणून ऑफिसच्या वेळेत फोन येणार नाही.

जुन्या मशीनवर वेगाचा प्रश्न खरा आहे. उबंटू २४.०४ ला ४ जीबी रॅम किमान धरली आहे. मिंट २ जीबीवर चालू होतं, पण सुखाने वापरायला त्यालाही ४ जीबी लागते. रॅम एवढीच असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती दिसायला साधी आणि हलकी आहे. उबंटूत फायरफॉक्स स्नॅप या उबंटूच्या स्वतःच्या पॅकेज प्रकारात येतो. जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला अंमळ वेळ घेतो. मिंटमध्ये स्नॅप मुळातच बंद ठेवलेलं आहे आणि फायरफॉक्स नेहमीच्या पॅकेजमधून येतो. पण सगळ्यात मोठा फरक पडतो तो हार्डडिस्क काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, घातल्याने. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर चक्कर मारलीत तर अडीच इंची साटा एसएसडी सहज मिळेल. दुकानदाराला लॅपटॉपचं मॉडेल सांगा, रॅमचा एक रिकामा स्लॉट आहे का तेही त्याच वेळी विचारून घ्या. एवढं केल्यावर मिंट-उबंटूमधला वेगाचा फरक फारसा जाणवत नाही.

आता मराठी टायपिंग. या बाबतीत आपल्या लोकांना नीट माहिती मिळत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांचा प्रमाण कीबोर्ड, येत असेल तर दोन्हीकडे कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडलं की झालं. उबंटूत सुपर आणि स्पेस दाबून भाषा बदलते. मिंटमध्ये लेआउट बदलण्याची की एकदा आपल्या हाताने ठरवून द्यावी लागते. ‘पुऱ्या’ लिहायचं तर प आणि उकारानंतर शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅशची की, आणि शेवटी काना. साधा र घेतला तर ‘पुर्या’ उमटतं आणि वाचणाऱ्याला खटकतं. शिफ्टवरचा ऱ घेतला की चंद्रकोरीसारखा ऱ्य नीट येतो.

इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांनी आयबस या भाषा-टायपिंगच्या सॉफ्टवेअरचं एम१७एन पॅकेज टाकावं. मग यादीत मराठीखाली फोनेटिक आणि गमभन असे पर्याय दिसू लागतात. उबंटूत आयबस आधीपासून असतो, त्यामुळे पॅकेज टाकून एकदा लॉगआउट केलं की काम होतं. मिंटमध्ये ‘इनपुट मेथड’ उघडून आयबस निवडण्याची एक पायरी वाढते. या बाबतीत उबंटू सरस आहे, हे मान्य करायला हवं. दोन्हीकडे गूगलसारखे अंदाज येत नाहीत, ण आणि ळ साठी शिफ्ट धरावीच लागते. हात बसला की वेग येतो आणि नेट नसतानाही लिहिता येतं. फॉन्टसाठी ‘मुक्त’ घाला. तो मुंबईच्याच एक टाइप या मंडळींनी केलेला आहे, मोफत आहे आणि स्क्रीनवर वाचायला छान आहे.

श्रीलिपीसारख्या जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या फाइली उघडल्या तर मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. फॉन्टची फाइल लिनक्समध्ये कॉपी केली की त्या वाचता येतात, पण त्यात नव्याने टाइप करण्याचं सॉफ्टवेअर विंडोजचंच. अशा फाइली विंडोज काढायच्या आधीच युनिकोडमध्ये बदलून ठेवा. रेझ्युमे कॅलिब्रीत असेल तर कार्लिटो फॉन्ट टाका. त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच आहे, त्यामुळे लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरचं मोफत ऑफिस) ओळी सरकत नाहीत.

प्रिंटरचं दोन्हीकडे सारखंच. एचपीचे बहुतेक चालतात, वायफायवरचे नवे प्रिंटर आपोआप सापडतात. स्वतःचाच ड्रायव्हर मागणारे काही जुने छोटे लेझर प्रिंटर मात्र छळतात, त्यांची आधीच चौकशी करा.

उबंटू कुणी घ्यावं? लॅपटॉप नवा असेल, घरी मोठा मॉनिटर जोडत असाल आणि दोन स्क्रीनची अक्षरं वेगवेगळ्या आकारात हवी असतील, तर गनोम ते जास्त नीट सांभाळतो. टचपॅडवर तीन बोटांनी सरकवणंही तिथे अधिक सफाईदार आहे. आयटी शिकणाऱ्या मुलांना तर उबंटूच द्या, कारण कॉलेजच्या आणि कंपनीच्या सर्व्हरवर त्यांची गाठ बऱ्याचदा त्याच्याशीच पडते. बाकी घरगुती वापरासाठी माझं मत मिंटला. त्याचं एक मोठं कारण टाइमशिफ्ट. ते मिंटमध्ये सुरुवातीपासून असतं. एखादा अपडेट बिनसला तर सिस्टिम कालच्या स्थितीला नेता येते. उबंटूत ते वेगळं टाकावं लागतं. मात्र त्यात तुमचे फोटो आणि कागदपत्रं येत नाहीत, त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवावीच लागेल.

ठरवण्याआधी दोन्ही पेनड्राइव्हवरून चालवून बघा, काही पुसलं जात नाही. वायफाय, आवाज, ब्राइटनेसच्या की आणि झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, एवढं तपासा. वायफाय सापडलं नाही तर फोन केबलने जोडून त्याचं नेट द्या आणि ड्रायव्हर उतरवून घ्या. विंडोज शेजारी ठेवणार असाल तर बिटलॉकरची (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा. दोन्ही सिस्टिम एकत्र नांदू लागल्या की विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं दिसू शकतं. लिनक्स मशीनमध्ये जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज तीच स्थानिक समजतं, म्हणून असं होतं. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की ते जुळतं.

आणि पुढे कधी बिजागरी किंवा बॅटरीसाठी लॅपटॉप दुकानात द्याल, तेव्हा पावतीवर ‘फॉरमॅट करू नये’ असं लिहून घ्या. अनोळखी स्क्रीन दिसली की काही दुकानांत न विचारता विंडोज टाकून देतात.