जुन्या जिप्सीत ‘तेराशेचं इंजिन’: पैसे नेमके कुठे बुडतात

1985 साली आलेल्या पहिल्या मारुती जिप्सीत 970 सीसीचं एफ10ए इंजिन होतं, ताकद जेमतेम 45 बीएचपी. 1996 च्या जिप्सी किंगला 1298 सीसीचं जी13 मिळालं आणि पुढे 2000 मध्ये त्याचंच सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय रूप (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं) आलं, 80 बीएचपीचं. त्यामुळे घाटात दम टाकणारी जुनी जिप्सी ज्याच्याकडे आहे, त्याला कधी ना कधी कोणीतरी सांगतंच: ‘तेराशेचं चढवून देतो, नट-बोल्टचं काम आहे, चार दिवसांत गाडी घेऊन जा.’ बहुतेकांचे पैसे या एका वाक्यावर जातात.

हे नट-बोल्टचं काम नाही. एफ10एची चार गिअरची पेटी जी13ला बसत नाही, कारण बेलहाउसिंगच्या, म्हणजे पेटी इंजिनाला जोडणाऱ्या भागाच्या, बोल्टांची ठेवणच वेगळी आहे. म्हणजे इंजिनाबरोबर किंगची पाच गिअरची पेटी हवी, तिचं फ्लायव्हील, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट हवी. जिप्सीत गिअरपेटी आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी) वेगवेगळे असतात आणि मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. पेटी बदलली की त्या शाफ्टची लांबी जुळवावी लागते. माउंटिंग, रेडिएटरचे पाइप, सायलेन्सरचा पुढचा भाग हेही आलंच. कोटेशनमध्ये मात्र एकच ओळ असते: ‘इंजिन, फिटिंगसह’. गाडी उघडली, जुनं इंजिन खाली उतरलं, की मग ‘पेटी वेगळी लागेल साहेब’ असा फोन येतो. त्या वेळी गाडी टो करून परत आणण्यापलीकडे मालकाच्या हाती काही उरत नाही, आणि समोरच्याला ते पक्कं ठाऊक असतं.

दुसरा प्रकार म्हणजे मारुतीच्याच एस्टीम कारचं इंजिन ‘किंगचं’ म्हणून विकणं. दोन्ही एकाच जी13 घराण्यातली, त्यामुळे नावावरून काहीच कळत नाही. पण एस्टीमचं इंजिन गाडीत आडवं बसायचं, जिप्सीत ते उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसतं. एस्टीमचं इंजिन बसवणं हा स्वतः काही गुन्हा नव्हे. जाणता मिस्त्री तसं आधी सांगतो आणि त्यासाठी लागणारे भाग मोजून देतो. खाली पुढच्या अ‍ॅक्सलचं डिफरन्शियल असल्यामुळे जिप्सीचा ऑइल चेंबर लावावा लागतो आणि त्याच्याबरोबर आतली ऑइल शोषणारी नळी, म्हणजे स्ट्रेनरही बदलावा लागतो. फसवणारा फक्त चेंबर बदलतो किंवा जुन्यालाच ठोकून-वेल्डिंग करून जागा करतो. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. चढावर ऑइल मागे सरकलं की नळी हवा ओढते, ऑइलचा दिवा लुकलुकतो आणि काही दिवसांत बेअरिंग वाजायला लागतात. तेव्हा उत्तर ठरलेलं असतं: ‘तुम्ही गाडी ताणली.’

भंगारातलं इंजिन तपासायचं तर सुरू करून आवाज ऐकणं पुरेसं नाही. चारही प्लग काढून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून, गरम इंजिनावर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातला दाब, मोजायला लावा. जी13ला चांगल्या स्थितीत सुमारे 14 किलो प्रति चौ. सेंमी मिळतं. 12 च्या खाली गेलं किंवा दोन सिलिंडरांत 1 किलोपेक्षा जास्त फरक दिसला, तर इंजिनाचं काम निघालंय असं समजा. इथेही हातचलाखी होते. ग्राहक येण्याआधी प्लगच्या भोकातून थोडं ऑइल ओततात, त्याने रिंगा तात्पुरत्या सील होऊन आकडा चढतो. म्हणून काढलेले प्लग स्वतः बघा. ते ऑइलने ओले असतील तर तो आकडा धरू नका. मग इंजिन दहा-पंधरा मिनिटं चालवून ऑइलचं झाकण उघडा. धुराचे झोत बाहेर येत असतील तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरातला दाब रिंगांमधून खाली गळतोय. जी13चा ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचा आहे, एकदा तापून गेलेलं इंजिन पुढे सतत त्रास देतं. पाण्यात ऑइलचा तवंग किंवा झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर किमतीची चर्चाच करू नका.

एमपीएफआय घेत असाल तर ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक), पूर्ण वायरिंग आणि सगळे सेन्सर त्याच गाडीतले हवेत. कापलेलं वायरिंग जोडून दिलं तर पहिल्या पावसाळ्यातच दोष सुरू होतात. ईसीएमला इम्मोबिलायझर (ठरलेल्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी यंत्रणा) असेल तर जोडीची चावी लागतेच. सर्वांत धोक्याची बचत होते पेट्रोलच्या पाइपात. कार्ब्युरेटरचा पंप अगदी कमी दाबाने पेट्रोल ढकलतो, एमपीएफआयला अडीच-तीन बारचा दाब लागतो. जुनाच रबरी पाइप ठेवला तर तो फुगून फुटतो, आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो. उच्च दाबाचा पाइप, योग्य क्लिपा आणि टाकीपर्यंतची रिटर्न लाइन स्वतः वाकून बघितल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नये. पुढच्या चाकांना अजून ड्रम ब्रेक असतील तर वाढलेल्या ताकदीआधी डिस्कचं बघा.

आता नंबर. ‘तुमचाच जुना नंबर नव्या ब्लॉकवर पंच करून देतो, आरसीला हात लावायची गरज नाही’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा. ही सोय नव्हे, सरळ गुन्हा आहे, आणि गाडीचे मालक तुम्ही आहात. ब्लॉकवरची नंबराची जागा घासलेली, भोवतीच्या भागापेक्षा चकचकीत किंवा अक्षरं वाकडीतिकडी असतील, तर इंजिन चोरीच्या गाडीचं असू शकतं. चोरीच्या गाड्या तोडण्यासाठी कुप्रसिद्ध असलेल्या मेरठच्या सोतीगंज बाजारावर 2021 मध्ये पोलिसांनी मोठी कारवाई केली, तरी असा माल बाजारात येणारच नाही असं मुळीच नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार, निर्मात्याने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच बजावलं. कलम 182अ(4) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. 970 चं 1298 होणार असेल तर आधी आरटीओत लेखी अर्ज करा, आणि लेखी परवानगी येईपर्यंत इसारही देऊ नका. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर पहिल्यांदा इंजिन नंबरच बघतो.

जुन्या इंजिनाचा आणि पेटीचा प्रश्न बहुतेकजण विसरतात. ते ‘भंगारात गेलं’ असं सांगून परस्पर विकलं जातं, आणि काम फसलं तर गाडी पूर्वीसारखी करायचा मार्गही बंद होतो. उतरवलेला माल त्याच दिवशी टेम्पोत घालून घरी आणा.

पैसे देताना कागदावर इंजिन नंबर, पेटी, फ्लायव्हील, चेंबर, स्ट्रेनर, ईसीएम, वायरिंग, पंप, पाइप असं एकेक नाव लिहून घ्या. ज्या गाडीतून इंजिन निघालं तिच्या आरसीची आणि स्क्रॅपच्या कागदांची प्रत घ्या. रोख देऊ नका. शेवटचा मोठा हप्ता शंभरेक किलोमीटर घाटासह चालवल्यावर, गळती आणि तापमान बघूनच. फसवणूक झालीच तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली पोलिसांत तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. सुरुवातीला 1915 ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. सगळीकडे पहिली मागणी बिलाची होते, म्हणून जीएसटी वाचवायच्या नादात ‘कच्चं बिल’ घेऊ नका.