एचओ मालडबे, आठ महिन्यांनंतर: काय टिकलं, काय गळून पडलं

जून ते जानेवारी, रोज तासभर धावलेल्या आठ डब्यांचा हा हिशेब. एचओ, म्हणजे मॉडेल रेल्वेचं 1:87 प्रमाण, रुळांमधलं अंतर 16.5 मिमी. अमेरिकन नमुन्याचे तीन 50 फुटी बंद डबे, तीन कोळशाचे हॉपर (तळातून माल सोडणारे उघडे डबे), दोन सपाट डबे. लहानात लहान वळण 22 इंच त्रिज्येचं.

धावण्यानं फारसं काही तुटत नाही. तुटतं ते डबा हातात धरताना आणि खोक्यात परत कोंबताना. आठ महिन्यांत सात बारीक भाग गेले. त्यातल्या पाच कोपऱ्यावरच्या पायऱ्या, कारण डबा उचलताना बोट नेमकं तिथंच लागतं. ब्रेकचं चाक आणि छतालगतची शिडी शाबूत आहे. डबा नेहमी मधोमध, दोन्ही बाजूंच्या भिंतींना धरून उचलावा.

पायरी कशाची केलीय यावर सगळं ठरतं. कडक स्टायरीन प्लास्टिकची असेल तर कट्कन मोडते, पण प्लास्टिक सिमेंटनं पाच मिनिटांत परत बसते. ॲसिटल या चिवट, गुळगुळीत प्लास्टिकची वाकते, मोडत नाही, म्हणून जाहिरातीत तिचं कौतुक. मात्र एकदा भोकातून निसटली की कुठलाच गोंद तिला धड धरत नाही, आणि तिच्यावरच्या रंगाचेही पापुद्रे निघतात. अशा जागी सरळ तार घालावी: 80 नंबरच्या ड्रिलनं (0.34 मिमी) भोक, त्यात 0.3 मिमीची फॉस्फर ब्राँझची तार, टोकाला आतून सुपरग्लूचा टाचणीएवढा थेंब. थेंब मोठा झाला की भोवती पांढरी धुरकट छटा धरते. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतली पोलादी तार सरळ आणि चिवट असते, मोह होतोच. पण एका पावसाळ्यात रंगाखालून तांबूस ठिपके वर येतात.

खरी नाराजी कपलरवर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणाऱ्या आकड्यांवर. मूळ प्लास्टिक कपलर मधे आणणारी पट्टी प्लास्टिकचीच असते. सततच्या दाबानं ती चार महिन्यांत मऊ पडली, कपलर एका बाजूला कलले आणि सांध्यावर (गाडी जिथं रूळ बदलते तिथं) गाडी दोन तुकड्यांत सुटू लागली. सगळीकडे केडी कंपनीचे धातूचे 148 नंबर बसवले, तेव्हापासून तक्रार नाही. बसवल्यावर उंची गेजवर (मापाच्या साच्यावर) तपासायचीच. खालची वाकडी पिन जराशी जरी खाली आली तरी सांध्याच्या फटीत अडकते आणि अख्खा डबा रुळावरून उतरतो. दोष मात्र बिचाऱ्या सांध्याला दिला जातो.

वजनाचा नियम एनएमआरएचा, म्हणजे अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचा: 1 औंस, अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. 6 इंची हॉपरला 4 औंस, म्हणजे 113 ग्रॅम हवेत. रिकामा हॉपर वजनकाट्यावर 74 ग्रॅमच भरला. लांब गाडीत पुढं जोडला तर वळणावर आत ओढला जाऊन उलटतो. टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करायच्या 5 ग्रॅमच्या चिकट पट्ट्या मिळतात, त्या खोट्या कोळशाखाली लपतात. आधी लोहचुंबक लावून बघावं. पट्टी लोखंडी निघाली तर कपलर सोडवणारं रुळातलं चुंबक डबा खेचतं. शिशाचे छर्रे पांढऱ्या फेविकॉलमध्ये कधीच ओतू नयेत. दोघांची प्रक्रिया होऊन मिश्रण फुगतं आणि काही वर्षांत डब्याच्या भिंती फाकतात.

बोग्या, म्हणजे डब्याखालच्या चाकांच्या चौकटी, उत्तम. दोन्ही स्क्रू सारखेच आवळले तर डबा डगमगतो नाहीतर चाक उचलतो. एका बोगीचा स्क्रू ती फक्त फिरेल इतका घट्ट, दुसरीचा पाव फेरा सैल. तेल घालू नये. एप्रिल-मेची इथली धूळ त्यात बसते आणि चाकांवर काळी पुटं चढतात; ॲसिटलच्या बोगीला वंगण लागतही नाही.

छापलेली अक्षरं आठही डब्यांवर जशीच्या तशी. सपाट डब्यांपैकी एक मधोमध किंचित खाली वाकलाय, त्यावर वजन ठेवून खोक्यात साठवू नये. मऊ पारदर्शक पीव्हीसीच्या पिशवीतही ठेवू नये, कारण त्यातलं प्लास्टिसायझर (पीव्हीसी मऊ ठेवणारं द्रव्य) उतरून स्टायरीन चिकट होतं. पॉलीप्रॉपिलीनची पिशवी घ्यावी, पावसाळ्यात खोक्यात सिलिका जेलची पुडी टाकावी आणि पुठ्ठ्याचं खोकं भिंतीला टेकवू नये.